चाचणीची सूचना आणि मुलांच्या मनाची सूचना एकत्र वाचावी

हवेली तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे: "आमच्या शाळासमूहाच्या, म्हणजे केंद्राच्या, व्हॉट्सॲप गटावर एकाच आठवड्यात संकलित चाचणीचे वेळापत्रक, गुण भरण्याची मुदत, पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेची आठवण आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयीचे पत्र अशा चार सूचना आल्या. पहिल्या तिन्हींचा रोज पाठपुरावा होतो, चौथीबद्दल कुणी विचारत नाही. मुले चाचणीला घाबरतात हे दिसते, पण चाचणी तर घ्यावीच लागते. माझ्याकडून नेमके काय अपेक्षित आहे आणि मला काय करता येईल?"

पुणे जिल्ह्यात आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक आणि निवृत्तीपूर्वी केंद्रप्रमुख अशा तिन्ही खुर्च्यांवरून मी हा प्रश्न पाहिला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. माझे मत असे आहे की प्राथमिक वर्गांत मुलाला होणारा त्रास फारच थोड्या वेळा प्रश्नपत्रिकेतून येतो. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात आणि पेपर परत मिळाल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत मोठी माणसे जे बोलतात आणि करतात, त्यातून तो येतो. म्हणून चाचणीची सूचना आणि मानसिक आरोग्याची सूचना या दोन कामांच्या दोन फायली आहेत असे समजणेच मुळात चुकीचे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याचा खंड आहे आणि त्याला लागूनच पुढचा खंड सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आहे. कायद्याने शेजारी ठेवलेल्या या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या टेबलांवरून, वेगवेगळ्या पत्रांनी येतात, एवढाच काय तो घोळ आहे.

आधी कोणती परीक्षा कशासाठी आहे हे वेगळे करून घ्यावे, कारण सगळ्या परीक्षांची भीती एकाच गाठोड्यात बांधली जाते. पायाभूत (वर्षाच्या सुरुवातीच्या) आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या) चाचण्या शालेय शिक्षण सुधारण्याच्या स्टार्स प्रकल्पातून आल्या. कुमठेकर रस्त्यावरील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद त्यांच्या प्रश्नपत्रिका देते, विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे असतात, आणि गुण विद्या समीक्षा केंद्र या राज्याच्या शैक्षणिक माहिती केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे असतात. कोणत्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या वर्गात मुलाला यायला हव्यात अशा गोष्टी, साध्य झाल्या आणि कोणत्या राहिल्या हे शिक्षकाला कळावे हा या चाचण्यांचा हेतू आहे. पायाभूत चाचणीत कमी गुण पडले म्हणून कुणाला मागच्या वर्गात बसवता येत नाही. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालेल्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणासारख्या पाहणीत तर मुलाचा स्वतंत्र निकालच नसतो, तेव्हा तिच्यासाठी घाम गाळण्याचे मुलांना काहीच कारण नाही. शिष्यवृत्ती परीक्षा ऐच्छिक आहे. शाळेच्या फलकासाठी सगळा वर्ग तिला बसवण्याची जी चढाओढ लागते ती मला कधीच पटली नाही. ज्या परीक्षेच्या निकालाने मुलाचे वर्ष अडू शकते अशी तुमच्या वर्गापुरती एकच आहे, ती म्हणजे पाचवीची वार्षिक परीक्षा. तिच्याकडे मी पुढे येतो.

चाचणी शिक्षकासाठी आहे हे वाक्य प्रशिक्षणात सगळेच ऐकतात. त्याचा वर्गात काय अर्थ होतो हे एका उदाहरणाने सांगतो. वाघोलीच्या बाजूच्या एका शाळेत चौथीच्या गणिताच्या पेपरांवर मी तिथल्या शिक्षकांबरोबर बसलो होतो. प्रश्न साधा होता: एका पेटीत २४ आंबे मावतात, अशा ६ पेट्या भरल्या, त्यांतील १५ आंबे नासले, तर चांगले आंबे किती राहिले? एका मुलाने उत्तर १५ लिहिले होते. गुण शून्य, आणि शेजारी लाल शाईत "गुणाकार कच्चा" असा शेरा. प्रत्यक्षात त्याने चोवीस आणि सहा मिळवून तीस केले होते आणि त्यातून पंधरा वजा केले होते. म्हणजे दिसतील त्या संख्या घेऊन काहीतरी केले होते. हा मुलगा संध्याकाळी मामाच्या फळांच्या हातगाडीवर बसतो हे सरांना माहीत होते. त्याला बोलावून तोच प्रश्न तोंडी विचारला, तेव्हा त्याने क्षणभर वर पाहिले आणि सांगितले, "पेटीत दोन डझन, सहा पेट्या म्हणजे बारा डझन, एकशे चव्वेचाळीस. पंधरा गेले, एकशे एकोणतीस." मग त्याला प्रश्न वाचायला दिला. तो एकेक अक्षर जोडत वाचत होता आणि ओळीच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवातीला काय होते ते विसरत होता. त्याचा गुणाकार पक्का होता, वाचन अडले होते. वर्गातील निम्म्याहून अधिक पेपरांत हाच प्रश्न चुकला होता आणि तोंडी विचारल्यावर त्यांतील बऱ्याच मुलांना तो येत होता. त्या वर्गाला पाढ्यांच्या जादा तासाची गरज नव्हती. शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचून, "काय दिले आहे आणि काय विचारले आहे" हे बोलून घेण्याची गरज होती.

आता याच मुलाच्या मनाच्या बाजूने पाहा. जे आपल्याला येते त्यावरच "कच्चा" असा शेरा मिळालेले मूल पुढच्या पेपरला प्रयत्नच करत नाही, आणि मग कोरा पेपर पाहून आपण त्याला आळशी म्हणतो. बारकाईने पेपर तपासणे हे मुलाच्या मानसिक आरोग्याचे काम आहे असे मी म्हणतो ते यामुळे. प्रत्येक पेपरवर इतका वेळ देणे शक्य नाही हे मला मान्य आहे. पण गुणांची बेरीज चॅटबॉटवर चढवण्यापूर्वी प्रश्ननिहाय एक साधा तक्ता वहीत आखला, कोणता प्रश्न किती जणांचा चुकला एवढेच त्यात मांडले आणि सर्वाधिक चुकलेले दोन प्रश्न चार-पाच मुलांना तोंडी विचारून पाहिले, तर एका तासाच्या कामात पुढच्या पंधरा दिवसांच्या अध्यापनाची दिशा मिळते.

चाचणीच्या आधीच्या आठवड्याविषयी माझा आग्रह असा की प्रश्नपत्रिकेचे स्वरूप मुलांना एकदा दाखवावे, एकदाच सराव घ्यावा आणि मग नेहमीचे शिकवणे चालू ठेवावे. रोज नमुना पेपर सोडवून घेतल्याने मुलांना एवढेच कळते की काहीतरी मोठे संकट येते आहे. समाजमाध्यमांवर आधीच फिरणाऱ्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची वर्गात आणू नयेत. त्यात नियमभंग तर आहेच, शिवाय ज्या माहितीसाठी चाचणी घ्यायची तीच खोटी होते आणि खरोखर मदत हवी असलेले मूल आकड्यांत झाकले जाते. "बाहेरून साहेब येणार आहेत", "शाळेची अब्रू तुमच्या हातात आहे" ही वाक्ये तर पूर्णपणे बंद करावीत. दहा वर्षांच्या मुलाने शाळेची अब्रू कुठे आणि कशी धरायची?

चाचणीच्या दिवशी शरीराकडे लक्ष द्यावे. २०२५ मध्ये राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिल या काळात वार्षिक परीक्षा आणि चाचण्या झाल्या, तेव्हा उन्हाबद्दल पालक आणि शिक्षक संघटना बोलल्या आणि ते योग्यच होते. सकाळच्या शाळेला बरीच मुले चहा-बिस्किटावर किंवा तेही न घेता येतात, त्यामुळे त्या दिवसांत खिचडी किंवा निदान काही खाणे पेपरच्या आधी देता येते का हे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवावे. पाण्याची बाटली बाकावर असू द्यावी, लघवीला जाण्याची परवानगी न कुरकुरता द्यावी, सूचना स्वतः मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि पहिल्या पाच मिनिटांत कुणाच्याही मागे जाऊन उभे राहू नये.

पेपर परत देण्याचा दिवस सर्वांत नाजूक असतो. गुण मोठ्याने वाचणे, चढत्या-उतरत्या क्रमाने पेपर वाटणे, कमी गुणवाल्यांना उभे करणे, पालकांच्या गटावर सगळ्या वर्गाची गुणांची यादी टाकणे हे सर्व टाळावे. हे केवळ सौजन्य म्हणून मी सांगत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. शिवाय २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जे पंधरा निर्देश दिले, त्यांत कामगिरीवरून तुकड्या पाडणे, चारचौघांत अपमान करणे आणि मुलाच्या कुवतीपलीकडची उद्दिष्टे लादणे यांपासून दूर राहण्यास सांगितले आहे. हे निर्देश शिकवणी वर्गांप्रमाणे शाळांनाही लागू आहेत. पेपर पालथे घालून प्रत्येकाच्या बाकावर ठेवावेत, मुलांना स्वतः पाहू द्यावेत आणि प्रत्येकाला एक जमलेला प्रश्न व एक पुन्हा करायचा प्रश्न निवडायला सांगावे. पालकसभेतही हीच पद्धत ठेवावी. "तुमचा मुलगा वर्गात कितवा" या प्रश्नाला "त्याला तीन अंकी वजाबाकी येते, हातचा घेताना अडतो, घरी सुट्टे पैसे मोजायला द्या" असे उत्तर मिळाले की बहुतेक पालक क्रमांक विसरतात. हट्टी पालक असतातच, पण तेही पुढच्या सभेला वजाबाकीबद्दलच विचारतात.

आता पाचवीच्या वार्षिक परीक्षेबद्दल. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने पाचवी-आठवीला मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची राज्यांना मोकळीक मिळाल्यावर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्ण मुलाला शाळेने अतिरिक्त मार्गदर्शन द्यायचे असते आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यायची असते. तिच्यातही उत्तीर्ण न झाल्यास त्याच वर्गात राहावे लागते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही ही तरतूद कायम आहे आणि ती पालकांना आवर्जून सांगावी, कारण "नापास झाला की शाळा सुटणार" असा समज मी वस्त्यांवर अनेकदा ऐकला आहे. मजुरांच्या, विशेषतः वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीच्या कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत खरा धोका पेपर अवघड असण्याचा नसतो. पुनर्परीक्षेच्या वेळी मूल गावीच असते हा असतो. म्हणून परीक्षेपूर्वीच पालकांचे दोन फोन क्रमांक, गावाचा पत्ता आणि परत येण्याचा अंदाज लिहून ठेवावा. अतिरिक्त मार्गदर्शन मे महिन्यात करायचे असे शासनाने कितीही म्हटले तरी ते प्रत्यक्षात दिवाळीनंतरच सुरू करावे लागते, हे आपल्यालाही अनुभवाने माहीत असेल.

काही मुलांच्या बाबतीत घाबरण्याच्या मागे वेगळेच कारण असते. फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेणारे, डोळे बारीक करणारे मूल प्रथम डोळे तपासण्यासाठी पाठवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्यांच्या हाती अशा मुलांची यादी तयार हवी. तोंडी उत्तम उत्तरे देणारे पण लिहिता-वाचताना सतत एकाच प्रकारे अडखळणारे मूल अध्ययन अक्षमतेचे असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि तिची पडताळणी तिसरीच्या सुमारास किंवा आठव्या वर्षी होणे अपेक्षित आहे. प्रमाणपत्रासाठी ससूनसारख्या शासकीय रुग्णालयात जावे लागते, फेऱ्या होतात, रोजंदारी बुडते आणि पालक मध्येच सोडून देतात. शाळेने निरीक्षणांचे लेखी पत्र, दोन-तीन वह्यांच्या प्रती आणि तपासणीच्या वारांची माहिती हातात दिली तर निदान एखादी फेरी वाचते. निदान मी करणार नाही, नोंद करीन, ही मर्यादा शिक्षकाने पाळावी.

मानसिक आरोग्याच्या पत्रातील मुख्य गोष्ट म्हणजे ओळखणे आणि पोहोचवणे. चाचणीच्याच दिवशी पोट दुखणे, आवडत्या खेळातून अंग काढणे, अचानक चिडणे किंवा अगदी गप्प होणे, वर्गात झोप लागणे, स्वतःला ओरबाडल्याच्या खुणा, "मी नसतो तर बरे झाले असते" असे बोलणे, यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी एकदाच दिसल्या तरी थांबू नये. बाकीच्या दोन आठवडे टिकल्या तर बोलावे. बोलताना आपण पाहिलेली गोष्ट सांगून सुरुवात करावी: "काल आणि आज तू ताटातले तसेच ठेवलेस, मधल्या सुट्टीत एकटाच बसलास, हे माझ्या लक्षात आले. काही झाले आहे का?" यात आरोप नसतो आणि मुलाला सुटायला जागा असते. मूल लगेच बोलत नाही, बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी वही दाखवण्याच्या निमित्ताने येते. जीव देण्याचे विचार मनात येतात का असे थेट विचारल्याने ते विचार निर्माण होतात ही समजूत चुकीची आहे. शांतपणे विचारल्याने मुलाला मोकळे होता येते. "कुणालाही सांगणार नाही" असे वचन मात्र कधीही देऊ नये. "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन" एवढेच म्हणावे.

अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी पालकांना आणि मुख्याध्यापकांना कळवावे आणि टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला घ्यावा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर कळवावे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "आधी शाळेच्या पातळीवर चौकशी करू" हा पर्याय कायद्यात नाही, कुणी सुचवला तरी तो स्वीकारू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करायची आहे. आपल्याकडच्या दोन-शिक्षकी शाळा दुसऱ्या प्रकारात येतात. ही जोडणी प्रत्येक शाळेने एकेकटी करणे अवघड आहे, केंद्राच्या पातळीवर ती सहज होते. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची २०२२ पासूनची सखी सावित्री समिती शाळा आणि केंद्र या दोन्ही पातळ्यांवर अपेक्षित आहे. ती बऱ्याच ठिकाणी फलकावर नावे लिहिण्यापुरतीच असते, पण तिच्याच बैठकीत प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, औंधच्या जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग आणि परिसरातील एखादा समुपदेशक यांची नावे व वेळा ठरवून घेता येतात. याच निर्देशांत सर्व शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण देण्यास आणि हेल्पलाइन क्रमांक ठळक अक्षरांत लावण्यास सांगितले आहे. क्रमांक कार्यालयात लावण्यापेक्षा पाण्याच्या टाकीजवळ लावावा, मुले तिथे उभी राहतात.

शिक्षकांच्या ताणाबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. शिक्षक पात्रता परीक्षेसंबंधी (टीईटी) सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेले असंख्य शिक्षक स्वतःच परीक्षार्थी झाले आहेत, त्यात ऑनलाइन माहितीची रोजची मागणी आहे, आणि हा दाब नकळत वर्गात उतरतो. मुदतीच्या दिवशी गुण भरत असताना मुलांवर आवाज चढतो असे आपल्या लक्षात आले तर ते काम शाळेच्या वेळेत करू नये, आणि चॅटबॉट अडला तर तसे स्क्रीनशॉटसह केंद्रप्रमुखांना कळवून मोकळे व्हावे. मुदत एक दिवस चुकल्याचा खुलासा देता येतो.

राहिला पाठपुराव्याचा प्रश्न. चौथ्या सूचनेबद्दल कुणी विचारत नाही, कारण तिच्यात भरायचा तक्ता नसतो. मी केंद्रप्रमुख असताना यावर एकच उपाय चालला: दरमहा होणाऱ्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेच्या विषयपत्रिकेत चाचणीच्या विषयाखालीच तीन प्रश्न घालणे. पेपर मुलांना कसे परत दिले, कोणत्या मुलांशी बोलणे झाले (नावे न घेता) आणि शाळेची बाहेरची जोडणी कुणाशी आहे, एवढेच. आपण आपल्या मुख्याध्यापकांमार्फत हा विषय लेखी पाठवा. लेखी आलेला विषय इतिवृत्तात घ्यावा लागतो, इतिवृत्त विस्तार अधिकाऱ्यांकडे जाते, आणि दोन महिने लागोपाठ एखाद्या शाळेसमोर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे दिसले की आरोग्य केंद्राला पत्र पंचायत समितीतूनच निघते.